तोटीपासून विहिरीपर्यंत : खानदेशातील ठिबकचे शिक्षण

अवर्षणप्रवण गावातील तरुणाला ठिबक सिंचन शिकवताना नेमके काय शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता सोपे वाटते, आणि बहुधा म्हणूनच ते फारसे तपासले जात नाही. मुख्य नळीतून उपनळीत, उपनळीतून पिकाच्या ओळीलगत पसरलेल्या लॅटरलमध्ये आणि तेथून तोटीवाटे थेंबाथेंबाने मुळांपाशी पाणी पोहोचवण्याची ही पद्धत असल्यामुळे, नळ्यांची जोडणी, गाळणीची सफाई, पाण्यातून खत देणे आणि अनुदानाचा अर्ज भरणे एवढे आले की शिक्षण पुरे झाले, असे सामान्यतः मानले जाते. हे सारे आवश्यक आहे, आणि ते आज जितक्या ढिलाईने शिकवले जाते त्यापेक्षा कितीतरी काटेकोरपणे शिकवले पाहिजे, यातही शंका नाही. परंतु हे शिक्षण शेताच्या बांधाशी थांबते. ज्या विहिरीतून वा कूपनलिकेतून ते पाणी येते तिच्या तळाशी किती पाणी आहे, ते दरवर्षी किती भरते आणि त्यावर आणखी कोणाकोणाचा हक्क आहे, हे त्यात येत नाही. आणि खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांचा गेल्या काही दशकांचा अनुभव पाहता, एवढा भाग वगळून शिकवलेले ठिबक दुष्काळाचे निवारण करण्याऐवजी त्याची मुदत पुढे ढकलते, असे म्हणणे भाग पडते.

या दोन जिल्ह्यांची पाण्याची स्थिती एकसारखी नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या धुळे आणि शिंदखेडा तालुक्यांत, तसेच जळगाव जिल्ह्यातील अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यात पाऊस कमी तर आहेच, पण त्याहून अधिक तो बेभरवशाचा आहे; वार्षिक सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास असली, तरी तिच्यातील मोठा वाटा मोजक्या दिवसांत कोसळून वाहून जातो. खाली बसाल्ट म्हणजे काळा पाषाण आहे, आणि त्यात पाणी साठते ते केवळ वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत. तापीच्या उत्तरेकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, चित्र निराळे आहे. चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांत नदीने आणून टाकलेल्या गाळाचे जाड थर असून, डोंगराच्या अगदी पायथ्याला दगडगोट्यांचा आणि वाळूचा जो पाझरणारा पट्टा आहे, ज्याला भूशास्त्रात बझाडा म्हणतात, तो पावसाचे पाणी खोलवर मुरवून घेतो. केळीची श्रीमंती उभी राहिली ती या भूमिगत साठ्यावर.

त्या श्रीमंतीत ठिबकचा वाटा फार मोठा आहे. इस्राएलमध्ये सिम्खा ब्लास या अभियंत्याने विकसित केलेल्या तोटीचे उत्पादन १९६० च्या दशकाच्या मध्यास हात्झेरिम या किबुत्झने, म्हणजे सामुदायिक वसाहतीने, सुरू केले. भारतात हे तंत्र १९७० च्या दशकात प्रयोगापुरते आले, पण ते सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात येण्याची प्रक्रिया ज्या मोजक्या ठिकाणी घडली त्यांत जळगाव अग्रभागी होते. जामनेर तालुक्यातील वाकोद येथे १९३७ मध्ये जन्मलेल्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये रॉकेलच्या व्यापारातून सुरुवात केली, १९८० पासून पीव्हीसी नळ्यांचे उत्पादन केले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात ते ठिबककडे वळले. पुढे ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेली, ग्रँड नैन केळीची रोपे आली आणि ठिबक, विद्राव्य खते व एकसारखी रोपे या तिहींनी मिळून केळीच्या शेतीचे स्वरूप पालटले. केळीसाठी मोकाट पाण्याखाली सुमारे १७६० मिलिमीटर पाणी आणि हेक्टरी ५७.५ टन उत्पादन, तर ठिबकखाली ९७० मिलिमीटर पाणी आणि हेक्टरी ८७.५ टन उत्पादन, ही तुलना सिंचनविषयक साहित्यात वर्षानुवर्षे उद्धृत होत आली आहे. जळगाव शहरालगतच्या जैन हिल्सवरील प्रक्षेत्र असंख्य शेतकऱ्यांनी पाहिले, आणि कोणत्याही शासकीय पुस्तिकेपेक्षा त्या पाहण्यातून अधिक शिक्षण झाले, हे मान्य करायला हवे. मात्र उत्पादकाने दिलेले शिक्षण स्वाभाविकपणे उत्पादनापासून सुरू होते आणि उत्पादनापाशी संपते. यात उत्पादकाचा दोष नाही. उरलेला भाग शिकवण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी तो कोणीतरी शिकवत आहे असे गृहीत धरले, हा दोष आहे.

तंत्राचा जो भाग शिकवला जातो, तोही पुरेशा गांभीर्याने शिकवला जात नाही, हे आधी पाहू. ठिबक म्हणजे मूलतः अंकगणित आहे. दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर लावलेल्या केळीची एका एकरात सुमारे १८०० झाडे बसतात, आणि ऐन उन्हाळ्यात प्रत्येक झाडाला दिवसाला २० लिटर पाणी धरले, तर त्या एकराची रोजची गरज ३६,००० लिटर होते. दोन ओळींमधील अंतर दीड मीटर असल्याने लॅटरलची एकूण लांबी जवळजवळ २७०० मीटर भरते. तीवर दर ४० सेंटिमीटरला तासी ४ लिटरची तोटी असेल, तर तोट्यांची संख्या सुमारे ६७५० आणि त्यांची एकत्रित मागणी तासाला २७,००० लिटर. विहिरीवरचा पंप तासाला १८,००० लिटरच देत असेल, तर अख्खा एकर एका वेळी चालवल्यास दाब कोसळून शेवटच्या झाडांना पाणी कमी पडणार, हे उघड आहे. म्हणून एकराचे दोन भाग करून प्रत्येक भाग ८० मिनिटे चालवावा लागतो, आणि शेतीची वीज पाळीने मिळत असताना त्या दोन तास चाळीस मिनिटांची जागा कोठे बसवायची हेही ठरवावे लागते. हे गणित आठवीच्या विद्यार्थ्याला येण्यासारखे आहे. तरीही ते न करता बसवलेले संच खानदेशात सर्रास दिसतात, कारण संच बसवताना हिशेब विक्रेता करतो आणि नंतर तो कोणीच करत नाही. पाणी किती दिले असे विचारले, तर उत्तर तासांत मिळते, लिटरमध्ये नाही.

मातीचेही तसेच आहे. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत थेंब आडवा पसरतो आणि मुरमाड हलक्या जमिनीत तो सरळ खाली उतरतो, त्यामुळे एकच तोटी, एकच अंतर आणि एकच वेळ दोन्हीकडे लागू पडत नाही. ठिबकचे खरे उद्दिष्ट जमीन सतत वाफशावर ठेवणे हे आहे, आणि वाफसा म्हणजे मातीच्या पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही असण्याची ती अवस्था, जिच्यात मुळे सर्वाधिक काम करतात. ती मुठीत माती दाबून ओळखता येते. जुन्या पिढीच्या हाताला ती ओळख होती, आणि नव्या शिक्षणाने ती पुसून न टाकता तिला ताणमापकाची, म्हणजे मातीतील ओल किती घट्ट धरली गेली आहे हे दाखवणाऱ्या साध्या उपकरणाची, जोड द्यावी. खोल कूपनलिकांच्या क्षारयुक्त पाण्याने तोट्यांत चुन्याचे थर बसतात आणि ते विरघळवण्यासाठी नळ्यांतून सौम्य आम्ल सोडावे लागते. विहिरीच्या पाण्यातील शेवाळ रोखण्यासाठी क्लोरीन लागते. हे कधी, किती आणि कोणत्या काळजीने करायचे, याची माहिती नसल्यामुळे काही हंगामांतच बऱ्याच तोट्या बंद पडतात आणि गुंडाळलेल्या नळ्या भंगारात जातात. त्यांवर खर्च झालेले सार्वजनिक अनुदानही त्यांच्याबरोबर भंगारात जाते, ही गोष्ट मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

तंत्राने हाती आलेली शक्ती कोणत्या वेळी वापरू नये, हाही तंत्राचाच भाग आहे, आणि कपाशीच्या बाबतीत खानदेशाने त्याची किंमत मोजली आहे. पावसाची वाट न पाहता मे महिन्यातच ठिबकवर कपाशी लावण्याची पूर्वहंगामी पद्धत येथे रुजली, कारण त्यामुळे वेचणी लवकर होऊन रब्बीला शेत मोकळे होते. परंतु गुलाबी बोंडअळीला वर्षभर खाद्य मिळत राहिले तर तिचे जीवनचक्र तुटत नाही, आणि लवकर लावलेली कपाशी हंगामातील पहिल्या पिढीला आयता आसरा देते. २०१७ च्या उद्रेकानंतर जूनपूर्वी लागवड करू नये, असे कृषी विभाग सातत्याने सांगत आला तो यासाठी. येथे एका शेतकऱ्याचा फायदा शेजाऱ्याच्या नुकसानीत उतरतो. ज्याच्याकडे ठिबक आहे तो मे महिन्यात लावतो आणि त्याच्या शेतात पोसलेली अळी ज्याच्याकडे ठिबक नाही त्याच्या कोरडवाहू कपाशीवर जाते.

पाण्याच्या बाबतीत हाच प्रकार अधिक खोलवर आणि अधिक संथपणे घडतो. ठिबकमुळे पाणी वाचते, हे विधान शेतापुरते खरे आहे. खोऱ्यापुरते ते खरे असेलच असे नाही. मोकाट दिलेल्या पाण्यातले काही बाष्प होऊन जाते, पण काही खाली मुरून पुन्हा विहिरींना मिळते, आणि या परतीच्या पाण्यावर खालच्या अंगाच्या विहिरी जगत असतात. ठिबक हे झिरपणे थांबवते. वाचलेले पाणी विहिरीतच ठेवले तर बिघडत नाही, पण शेतकरी ते ठेवत नाही, तो त्यावर आणखी एक एकर भिजवतो किंवा ज्वारी-बाजरीच्या जागी केळी, ऊस वा पपई घेतो. फ्रँक वॉर्ड आणि मॅन्युएल पुलिदो-वेलास्केझ यांनी २००८ मध्ये अमेरिकेतील रिओ ग्रांदे खोऱ्याचा अभ्यास करून दाखवले, की ठिबकला अनुदान दिल्याने पिकांनी प्रत्यक्ष शोषलेले पाणी घटण्याऐवजी वाढू शकते, आणि २०१८ मध्ये क्वेंटिन ग्राफ्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या दाखल्यांवरून याला सिंचन-कार्यक्षमतेचा विरोधाभास असे म्हटले. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात हा विरोधाभास पाहण्यासाठी परदेशी नियतकालिके उघडण्याची गरज नाही. ठिबकचा प्रसार जेथे सर्वाधिक झाला, त्याच पट्ट्यात भूजलाची पातळी दशकानुदशके खालावत गेली आणि कूपनलिका अधिकाधिक खोल गेल्या. खालावण्याचे कारण ठिबक हे एकमेव नाही, आणि ठिबक नसते तर ती केळी मोकाट पाण्यावर आणखी वाईट रीतीने पोसली गेली असती, असा प्रतिवाद करता येईल. तरीही ठिबकने ते खालावणे थांबवले नाही, एवढे निर्विवाद आहे.

ढोबळ हिशेब केला तर कारण समजते. धुळ्याच्या बसाल्टी भागात ५०० मिलिमीटर पावसापैकी दहा टक्के, म्हणजे ५० मिलिमीटर, पाणी भूगर्भात मुरते असे धरले, आणि केळीला ठिबकखालीसुद्धा ९७० मिलिमीटर लागते हे लक्षात घेतले, तर एक एकर केळी सुमारे एकोणीस एकरांत मुरलेले पाणी वापरते. ती एकोणीस एकर जमीन बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाची असते. उसाला किंवा केळीला सरसकट नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. रावेरच्या गाळात मुरण्याचे प्रमाण जास्त असल्याने तेथे हाच भागाकार निराळा येईल. हा भागाकार करण्याची सवय ठिबकच्या वर्गात लावली जात नाही, हा मुद्दा आहे.

याला दोन बाजूंनी उत्तर दिले जाते, आणि दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पहिले असे, की ज्या तरुणाच्या डोक्यावर कर्ज आहे आणि शेतकरी आहे म्हणून ज्याचे लग्नही जमत नाही, त्याला भूजलाचे नीतिपाठ देणे हा पोटभरल्यांचा उद्योग आहे. त्याला उत्पन्न वाढवण्याचे साधन द्यावे, बाकीचे शासनाने पाहावे. दुसरे असे, की मागणी रोखण्यापेक्षा पुरवठा वाढवावा, आणि यासाठी शिरपूरचा दाखला दिला जातो. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ पासून नाल्यांचे खोलीकरण, रुंदीकरण आणि साखळी बंधारे यांची जी कामे झाली, त्यांनी कोरड्या विहिरींना पाणी आले हे नाकारता येत नाही. परंतु पुनर्भरणाने वाढते ती साठ्याची मर्यादा; त्या मर्यादेच्या आत राहण्याची रीत त्यातून आपोआप येत नाही, आणि पाणी दिसू लागताच नव्या कूपनलिका घेण्याचा मोह वाढतो, हेही महाराष्ट्रात अनेक ठिकाणी दिसले आहे. पहिल्या आक्षेपाबाबत एवढेच म्हणता येईल, की पाचव्या वर्षी बाग सोडून देण्याची वेळ येणारा तरुण उत्पन्नाच्या दृष्टीनेही तोट्यातच असतो. हिशेब त्याच्या हिताविरुद्ध नाही. मात्र तो त्याने एकट्याने केला तर व्यर्थ आहे. त्याने सोडलेले पाणी शेजाऱ्याचा खोल पंप उपसणार असेल, तर काटकसर करणारा मूर्ख ठरतो, आणि व्यवहारी शेतकरी हे पुरते ओळखून असतो.

म्हणूनच सामुदायिक नियमाचा प्रश्न तंत्राच्या शिक्षणातून बाजूला काढता येत नाही. आणि या बाबतीत धुळे जिल्ह्याकडे जो वारसा आहे, तो जळगावच्या तंत्राइतकाच मोलाचा असूनही शिक्षणात कोठे येत नाही. पांझरा आणि तिच्यासारख्या नद्यांवर तीन-चारशे वर्षे फड पद्धती चालली. नदीवर दगडी बंधारा घालून पाणी पाटात वळवायचे, त्या पाटाखालील जमिनीचे फड नावाचे मोठे भाग पाडायचे, एका फडातील सर्व शेतकऱ्यांनी त्या वर्षी एकच पीक घ्यायचे आणि दरवर्षी पिके फडाफडांतून फिरवायची, असे तिचे स्वरूप होते. पाणी वाटण्याचे काम शेतकरी स्वतः करत नसे. ते पाटकऱ्याकडे असे, राखणीला जागल्या असे, आणि त्यांचा मोबदला लाभधारक देत. पाटातील गाळ सर्वांनी मिळून काढायचा. पाऊस कमी झाला तर सर्वांचे थोडे थोडे पीक वाळवण्यापेक्षा एखादा फड पडीक ठेवायचा, आणि प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असल्याने ती झळ बहुतेकांना सारखी लागे. तुटीची वाटणी आधीच ठरलेली असणे, हे या पद्धतीचे मर्म आहे. योगायोगाने तरुण विश्वेश्वरय्या यांच्या अभियांत्रिकी जीवनातील पहिल्या कामांपैकी एक, पांझरेच्या प्रवाहाखालून पाणी नेणारी दातर्तीची नलिका, १८८४ च्या सुमारास याच परिसरात झाले; पुढे त्यांनी निरा कालव्यावर आणलेली ब्लॉक पद्धत विचाराने फडाच्या बरीच जवळची आहे.

फड पद्धतीला आदर्श मानून तिच्याकडे परत जावे, असे सुचवणे भाबडेपणाचे ठरेल. तिच्यात जमीनवाल्यालाच पाणी होते, भूमिहीनाला नव्हते, आणि वरच्या अंगाची धरणे व उपसा यांपुढे ती बहुतेक ठिकाणी टिकलीही नाही. शिवाय नदीचे पाणी डोळ्यांना दिसते, भूजल दिसत नाही. जे दिसत नाही त्याची वाटणी कठीण. तरीही भूजल आणि साठवलेल्या पाण्यावर नियम घालता येतो, हे महाराष्ट्राने दाखवलेले आहे. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी करताना पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठेवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठेवला, भूमिहीनांनाही त्यात वाटा दिला आणि उसासारखी पिके वगळली. हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी कूपनलिका बंद करून दरवर्षी पावसानुसार पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. आणि खुद्द धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाड्याच्या कोकणा आदिवासींनी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी जंगल राखण्याचे नियम व दंड ठरवले. पवार तेव्हा तरुण होते, आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बारीपाड्यात नियम आधी आला आणि जंगल व पाण्याची समृद्धी त्यामागून आली, हा क्रम ठिबकच्या प्रसारात नेमका उलटा झाला आहे.

मग वर्ग कोठे आणि कसा भरवावा? पाबळ येथे १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू करणाऱ्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शाळेत आणलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमाचे सूत्र असे होते, की विद्यार्थ्याने गावाला प्रत्यक्ष उपयोगी पडणारी सेवा देत शिकावे, आणि त्या सूत्राची मुळे १९३७ मध्ये वर्ध्यात मांडल्या गेलेल्या नई तालीम या श्रमाधारित शिक्षणविचारापर्यंत जातात. ठिबकच्या शिक्षणाला हे सूत्र तंतोतंत लागू पडते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, मोजते. पण एका गावाला निर्णय घेण्यासाठी एखाददुसरी निरीक्षण विहीर पुरत नाही. गावातील वीस-पंचवीस विहिरींची पातळी मोजपट्टीने घेणे, पर्जन्यमापक वाचणे, कोणत्या शेतात किती तोट्या किती वेळ चालतात याची नोंद ठेवणे आणि त्यावरून ऑक्टोबरअखेर रब्बीला किती पाणी उपलब्ध आहे याचा अंदाज ग्रामसभेपुढे मांडणे, हे काम दहावी-बारावीचे विद्यार्थी करू शकतात, आणि ते करताना ठिबकचे सारे अंकगणित आपसूक येते. पाल, ममुराबाद आणि धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रांनी व धुळ्याच्या कृषी महाविद्यालयाने त्यांच्या नोंदी तपासून द्याव्यात. परीक्षा घ्यायचीच तर संच जोडण्याची घ्यावी, पण तिचा दुसरा भाग असा असावा, की दिलेल्या पाणलोटात, दिलेल्या पावसात, किती एकर केळी बसते.

राहतो प्रश्न शिकणाऱ्याचा. अनुदानासाठी सातबारा लागतो आणि सातबारा वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतो, म्हणून ज्याला शिकवायचे त्याच्या हाती निर्णय नसतो. लॅटरल पसरणे, गुंडाळणे, तोट्या तपासणे ही कामे बहुतांश स्त्रिया करतात, आणि प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर पुरुषांची नावे असतात. सातपुड्यातील पावरा, भिल्ल, तडवी तरुण दुसऱ्याच्या केळीबागेत मजुरी करताना संच चालवायला शिकतात, पण त्यांच्या स्वतःच्या वनहक्काच्या तुकड्याला विहीरच नसते. कौशल्य विकासाच्या योजनांत सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञ असा व्यवसाय मान्य झालेला आहे. तो कंपनीच्या वितरकाचा जोडारी म्हणून न राहता गावाचा पाटकरी म्हणून उभा केला, म्हणजे संचांची देखभाल, विहिरींची नोंद आणि पाणीवाटपाची राखण ही तिन्ही कामे त्याच्याकडे देऊन मोबदला लाभधारकांनी एकरी हिशेबाने दिला, तर भूमिहीन मुलाला आणि मुलीलाही ठिबकच्या अर्थव्यवस्थेत मजुरीपलीकडे जागा मिळेल.

अशा तरुणाचे म्हणणे गाव ऐकेल का, ही शंका रास्त आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने शेती व उद्योगासाठीच्या ६० मीटरहून खोल विहिरींवर बंधने घातली. तो २०१४ मध्ये लागू झाला, आणि तरीही कूपनलिका खोदणाऱ्या गाड्या गावोगाव फिरतच आहेत. कायद्याला जे जमले नाही ते शाळेच्या वहीला जमेल, असा दावा करता येत नाही. मात्र पाण्यावरून होणारे गावातले वाद आज अंदाजांवर चालतात, कारण प्रत्येकाला फक्त आपल्या विहिरीचे माहीत असते. पाच वर्षांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागल्या, तर खोल बोअर घेणाऱ्याला निदान कोणाच्या विहिरीची पातळी त्यानंतर किती हातांनी उतरली, याचे उत्तर चारचौघांत द्यावे लागेल.